भाव ठरला, पण दिलं का?



मागच्या पौर्णिमेच्या वंदनेत आपण नेहमीप्रमाणे पंचशील ग्रहण केलं. दुसऱ्या शीलाशी मी अडखळलो. शेजारी बसलेल्यांच्या ते लक्षातही आलं नसेल, सामूहिक वंदनेचा हा एक फायदाच म्हणायचा. पण त्या वेळी माझ्या घरी टेबलावर एक जुना कॅल्क्युलेटर पडला होता. मी तो आदल्या रविवारी चार डॉलरला विकत घेतला होता. रोख पैसे मोजले होते, बाईंनी हसत हातात दिला होता. तरी तो मी चोरला आहे की नाही, हे मला छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं.

सॅन होजेचा बेरिएसा रोडवरचा जुना बाजार तुमच्यापैकी बे एरियातल्या बहुतेकांना ठाऊक असेल. इथले मेक्सिकन लोक त्याला ‘ला पुल्गा’ म्हणतात, म्हणजे पिसू. आपण पुण्यात नुसतं ‘जुना बाजार’ म्हणायचो, ते मला जास्त सभ्य वाटतं. जॉर्ज बंब नावाच्या गृहस्थांनी १९६० साली हा बाजार सुरू केला. त्यांचा मूळ व्यवसाय कचराभूमीचा. लोक काय काय फेकून देतात हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या माणसाला बाजाराची कल्पना सुचावी, हे मला फार पटतं. एकाचा कचरा दुसऱ्याचा संसार असतो, हे आपल्या वस्त्यांमधून आलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मी २००६ साली या देशात आलो तेव्हा माझी पहिली सायकल, पहिली इस्त्री आणि पहिलं जेवणाचं टेबल याच बाजारातलं. आजही रविवारी सकाळी तिथे गेलं की कळतं, या खोऱ्यात फक्त आपल्यासारखे संगणकापुढे बसणारे लोक राहत नाहीत. पहाटे अंधारातच गाड्या लागतात. ताडपत्र्या बांधल्या जातात. वारा सुटला की एक हात ताडपत्रीच्या दोरीला आणि दुसरा गल्ल्यावर. विजेऱ्या घेऊन फिरणारे दलाल उजाडायच्या आत चांगला माल उचलतात आणि दुपारपर्यंत तोच इंटरनेटवर चढवतात. मग कुटुंबं येतात. मुलांचे शाळेचे बूट, बांधकामावर लागणारी अवजारं, गादी, भाजी, पिंजऱ्यातले पक्षी. संध्याकाळ व्हायला लागली की विक्रेत्याच्या चेहऱ्यावर एकच हिशोब दिसतो, जागेचं भाडं आणि गाडीचं पेट्रोल निघालं का. ही वेळ अनुभवी गिऱ्हाइकाला बरोबर कळते. मलाही कळते. मी दुपारी साडेतीननंतर जातो, हे मी इथे कबूल करून टाकतो.

तर त्या रविवारी एका साठीच्या बाईंच्या पथारीवर रिमोट, चार्जर आणि स्वस्तातल्या कॅल्क्युलेटरांचा ढीग होता. त्यात मला एक चपटी, आडवी, गडद वस्तू दिसली. कळांवर सोनेरी आणि निळी बारीक अक्षरं. एचपी-१६ सी. तरुण वाचकांसाठी सांगतो, हा खास प्रोग्रॅमर लोकांसाठी केलेला कॅल्क्युलेटर. बायनरी, ऑक्टल, दशमान, हेक्साडेसिमल, सगळ्यात हिशोब करतो. १९८२ ते १९८९ एवढीच वर्षं तो बनला. एम.टेक.ला असताना आमच्या एका सरांकडे होता आणि ते तो कोणाला हात लावू देत नसत. आज हौशी लोक त्याला दोनशे डॉलर सहज मोजतात.

बाईंनी बोटं दाखवून भाव सांगितला, पाच डॉलर. आणि मी काय केलं असेल? मी तोंड वाकडं केलं. वस्तू उलटीपालटी केली, ‘बॅटरी नाही’ म्हटलं, परत ढिगात ठेवली, दोन पावलं पुढे गेलो. बाईंनी हाक मारली. चारला सौदा झाला. घरी येऊन बॅटऱ्या घातल्या, पडदा उजळला, आणि मी बायकोला मोठ्या फुशारकीने सगळी गोष्ट सांगितली. ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, “पाचचे चार कशाला केलेस रे?”

बाकी कशाचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्या एका डॉलरचं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, घासाघीस करणं हे काय पाप आहे? मुळीच नाही, आणि हा मुद्दा मी ठासून मांडणार आहे. आपल्या आज्या-पणज्यांना बाजारात भाव करण्याचा हक्क नव्हता. गावकीची कामं केली त्याची मजुरी ठरलेली नव्हती. मिळायचं ते बलुतं, म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीचं. दुकानदार वस्तू वरून टाकायचा, पैसे लांब ठेवायला लावायचा. वस्तू हातात घेऊन, उलटून पाहून, ‘एवढ्याला नको, एवढ्याला दे’ असं म्हणणं ही बरोबरीच्या माणसांची भाषा आहे. समोरच्या विक्रेत्यावर दया म्हणून मागेल ते पैसे टेकवणारे लोकही मी पाहिले आहेत. त्या दयेला बलुत्याचा वास येतो. ला पुल्गातल्या बायकांनाही तो येतो. एकदा एका गोऱ्या तरुणाने सुटे परत घ्यायला नकार दिला, तेव्हा भाजीवाल्या व्हिएतनामी आजींनी त्याच्या पिशवीत तेवढ्याचे मुळे कोंबले होते.

म्हणून घासाघिशीवर माझा आक्षेप नाही. प्रश्न दुसऱ्या शीलाच्या शब्दाचा आहे. आपण मराठीत सरसकट ‘चोरी करणार नाही’ म्हणतो. पण पाली शब्द चोरीचा नाही. शब्द आहे ‘अदिन्नादान’. दिन्न म्हणजे दिलेलं, अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. न दिलेलं घेणं. चोरीची व्याख्या कायदा करतो. ‘दिलं’ म्हणजे काय, हे मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. समोरच्याने हाताने दिलं, तोंडाने हो म्हटलं, पैसे घेतले. एवढ्याने ते ‘दिलेलं’ होतं का?

बाबासाहेबांच्या लहानपणीचा मसूर स्टेशनचा प्रसंग आठवा. १९०१ साल. वडील कोरेगावला नोकरीला, म्हणून बालवयातले भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुलं साताऱ्याहून निघाली. स्टेशनवर घ्यायला कोणी आलं नाही. मुलं महार आहेत कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडं देऊ केलं तरी होईना. शेवटी स्टेशनमास्तरने तोड काढली: मुलांनी दुप्पट भाडं द्यायचं, गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं. एक जण कबूल झाला. आता हा प्रसंग आपण नेहमी अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो आणि तो आहेच. पण एकदा त्याच्याकडे सौदा म्हणूनही पाहा. भाव आधी ठरला. दोन्ही बाजू राजी होत्या. कोणी कोणाला फसवलं नाही, मापात पाप नाही. तरीसुद्धा ते वरचं भाडं मुलांनी ‘दिलं’ असं तुमची जीभ म्हणायला धजेल का? ते त्यांच्या अडचणीतून काढून घेतलं गेलं. अडचण नसती तर एक पैसाही जास्त निघाला नसता.

म्हणजे होकार पुरेसा नाही. होकार अडचणीतून आला की त्यातला ‘दिन्न’ भाग कमी होतो. आणि मला वाटतं, अज्ञानातून आला तरी तेच होतं.

इथे माझ्यातला इंजिनियर वाद घालायला उठतो. तुमच्यातलाही उठला असेल. जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर १९७० साली एक लेख लिहिला, त्या कामासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं असं की, विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि या असमान माहितीने सगळा बाजारच नासू शकतो. माझ्या बाबतीत पारडं उलटं होतं, माहिती घेणाऱ्याकडे होती. पण ती माहिती मला कोणी फुकट दिली नव्हती! मी रात्री जागून अभ्यास केला, पदव्युत्तर शिक्षण घेतलं, वीस वर्षं या धंद्यात घासली. ढिगातलं रत्न ओळखणं हे माझं कौशल्य. कौशल्याचा मोबदला घेणं म्हणजे चोरी कशी?

हा युक्तिवाद मला दोन दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी तो कुठे ऐकला होता ते आठवलं. सावकार हेच म्हणायचा. वही त्याला वाचता येत होती, आजोबांना येत नव्हती. त्याने अक्षरओळख कमावली होती, आजोबांना कमावू दिली नव्हती. अंगठा आजोबांनी आपल्या हाताने उठवला. आमच्या घरची दीड एकर जमीन अशी ‘विकत’ गेली, आणि त्या कागदावर सगळं कायदेशीर आहे. माहिती ही माझी खाजगी मिळकत आहे, समोरच्याला नाही ही त्याची चूक, असं जगातल्या कोणी म्हणावं, पण आपण म्हणू नये. आपल्याला त्या वाक्याचं दुसरं टोक माहीत आहे.

आता जातककथेतली एक गोष्ट सांगतो. पूर्वजन्माचा भाग आपण बाजूला ठेवूया, माझाही त्यावर विश्वास नाही. लोककथा म्हणून ऐका. सेरीव देशातले दोन फेरीवाले अंधपूर नगरात आले. तिथे एका बुडालेल्या श्रीमंत घरात फक्त आजी आणि नात उरल्या होत्या. नातीला एक दागिना हवा होता, म्हणून आजीने अडगळीतलं काळवंडलेलं ताट पुढे केलं. पहिल्या फेरीवाल्याने सुईने ओरखडा काढून पाहिला. सोनं! पण त्याला ते फुकटात हवं होतं, म्हणून ‘याला अर्धी दमडीही येणार नाही’ म्हणत त्याने ताट जमिनीवर फेकलं आणि निघून गेला. थोड्या वेळाने दुसरा आला. त्याने पाहिलं आणि म्हणाला, आई, हे ताट लाखाचं आहे, एवढे पैसे माझ्याकडे नाहीत. आजी म्हणाली, मघाचा तर कवडीमोल म्हणाला होता. तुझ्या पुण्याईनेच सोन्याचं झालं असेल, तुला काय द्यायचं ते दे. त्याने जवळची पाचशे नाणी आणि पाचशेचा माल दिला. नावेच्या भाड्यापुरती आठ नाणी, तराजू आणि पिशवी मागून घेतली आणि नदी ओलांडून गेला. पहिला परत आला तेव्हा ताट गेलेलं होतं. नदीकाठी ऊर फुटून तो मेला.

लहानपणी विहारात ऐकताना मला ही प्रामाणिकपणाची साधी गोष्ट वाटली होती. आता हिशोब मांडला तर गंमत दिसते. दुसऱ्या फेरीवाल्याने लाखाचं ताट हजाराला घेतलं. घसघशीत नफा! म्हणजे कथा सांगणाऱ्याचा नफ्याला विरोध नाही. अनाथपिंडिक हा तथागतांचा मोठा उपासक व्यापारीच होता. दोन फेरीवाल्यांत फरक एका वाक्याचा आहे: ‘हे लाखाचं आहे.’ ते वाक्य बोलून झाल्यावर आजीने जे दिलं ते दिलेलं. ते वाक्य गिळून जे घेतलं असतं ते न दिलेलं. आणि पहिला नुसता गप्प बसला नव्हता, त्याने ताट फेकून दाखवलं होतं. मीसुद्धा नुसता गप्प बसलो नव्हतो. तोंड वाकडं केलं होतं, ‘बॅटरी नाही’ म्हटलं होतं. पाचचे चार केलेला तो डॉलर म्हणजे माझं ताट फेकणं होतं.

तरीही एक शंका उरते आणि ती मी टाळणार नाही. हे कुठपर्यंत ताणायचं? प्रत्येक विक्रेत्याला त्याच्या प्रत्येक वस्तूची किंमत समजावत बसायचं का? धनंजय कीरांनी चरित्रात लिहिलं आहे की न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेब जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घालायचे आणि त्यांनी सुमारे २००० जुनी पुस्तकं जमवली होती. (पुढे त्यांची पुस्तकं घेऊन येणारं जहाज पाणतीराने बुडालं. हे वाचताना दर वेळी पोटात कालवतं.) त्या दुकानदाराला काय ठाऊक की हे पुस्तक या तरुणाच्या हातात काय होणार आहे? मग बाबासाहेबांनी त्याला जास्त पैसे द्यायला हवे होते का? नाही. त्या पुस्तकांची जी किंमत पुढे झाली ती वाचणाऱ्याच्या जागरणाची होती. दुकानदाराच्या फळीवर ती नव्हती. माझ्या कॅल्क्युलेटरची दोनशे डॉलर ही किंमत मी निर्माण केलेली नव्हती. ती त्या पथारीवर आधीपासून पडलेली होती, बाईंचीच होती, फक्त कोणी तरी एक वाक्य सांगायचं बाकी होतं. मला ही रेषा बऱ्यापैकी स्वच्छ वाटते. तुम्हाला ती कुठे तुटताना दिसली तर मला जरूर कळवा.

स्वस्त मिळालं म्हणजे लुबाडलं, असंही नाही. माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. पहिल्या वर्षाला मला ड्रॉइंगसाठी मिनी ड्राफ्टर हवा होता. नवा परवडणारा नव्हता. बुधवारी सुट्टी टाकून ते मला जुन्या बाजारात घेऊन गेले. फुटपाथवर एका दाढीवाल्या चाचांकडे ड्राफ्टर होता. त्यांनी दीडशे सांगितले, वडिलांनी साठपासून सुरुवात केली, शेवटी नव्वदवर गाडी अडली. चाचांनी मला विचारलं, “कोणासाठी रे?” मी म्हटलं, मला, इंजिनियरिंगला. त्यांनी ड्राफ्टर वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वडिलांना म्हणाले, “ऐंशी द्या.” ते वरचे दहा रुपये आम्ही पाडले नव्हते. ते त्यांनी दिले. आजही माझ्या अभ्यासिकेत तो ड्राफ्टर आहे, एक स्क्रू ढिला.

पुढच्या रविवारी मी कॅल्क्युलेटर घेऊन परत गेलो. या वेळी सकाळी. जाताना मनात भीती वेगळीच होती: बाईंची जागा असेल का? त्या बाजारावर टांगती तलवार आहे. २०२० च्या जूनमध्ये शेजारी बार्टचं स्टेशन सुरू झालं आणि जागेचा भाव आभाळाला भिडला. मालकांना तिथे घरं आणि ऑफिसं बांधायची आहेत. २०२१ च्या जूनमध्ये विक्रेते सिटी हॉलसमोर उपोषणाला बसले. त्याच महिन्याच्या अखेरीस शहराने आराखडा मंजूर केला. विक्रेत्यांसाठी ५० लाख डॉलरचा निधी आणि नव्या वसाहतीत ५ एकर बाजारासाठी राखायचं ठरलं. तेही सह्या होऊन, रीतसर. त्या सह्यांत किती ‘दिन्न’ आणि किती नाही, हे ज्यांची पथारी तीस-तीस वर्षं तिथे आहे त्यांना विचारावं. ऑफिसं बांधली की त्यांत बसणार मात्र आपल्यासारखेच लोक.

बाई होत्या. नातू दुभाषा झाला, बारा-तेरा वर्षांचा. मी सगळं सांगितलं: ही वस्तू दोनशेला जाते, मला ते तेव्हाच माहीत होतं. पोरगा ते भाषांतर करताना माझ्याकडे असा पाहत होता की ‘माहीत होतं’ हा शब्द त्याने गाळला तर बरं, असं मला वाटलं. त्याने गाळला नाही. बाई काही क्षण गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, हे करतं तरी काय? मी १० चा आकडा दाबून बायनरीत फिरवून दाखवला. १०१०. त्यांना काडीचाही रस वाटला नाही.

मी दीडशे डॉलर पुढे केले. त्या म्हणाल्या, पन्नास. मी म्हटलं, दीडशे. त्या म्हणाल्या, आता भवानीची वेळ आहे, सकाळी वाद नको, साठ. (भवानी हा शब्द त्यांचा नाही, माझा, पण पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही हा नियम तिथेही आहे.) आयुष्यात पहिल्यांदा मी भाव चढवायला घासाघीस करत होतो आणि समोरची बाई पाडायला. शेजारचा टायरवाला काम सोडून ऐकत उभा राहिला. शंभरावर तुटलं. मधल्या आठवड्यात मी केलेला सगळा तात्त्विक खल त्यांनी एका वाक्यात निकालात काढला. नातवाने मला इंग्रजीत सांगितलं, “आजी म्हणते, तुम्हाला ओळखता आलं त्याचे तुमचे, वस्तू आमची होती त्याचे आमचे.”

मी निघालो तर त्यांनी हाक मारली. “मिहो!” म्हणजे बाळा. टेबलाखालून त्यांनी एक मोठं खोकं ओढलं. वायरी, जुने मोडेम, कॅमेरे, दोन-तीन फ्लॉपी ड्राइव्ह, काय काय. एक खुर्ची पुढे सरकवली आणि खोक्याकडे बोट दाखवलं.

मी बसलो.